सातव्या गाण्याचं गाईड

३ फेब्रुवारी, सोमवार

सतरा माणसं, तेवीस माइक, एक धाकटी.

पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन. मग पियानो, गिटार, ड्रम, डबल बास. सगळे एकाच खोलीत आणि एकाच वेळी – हा मास्तरांचा हट्ट. बँड त्यांचा, गाण्यांची मांडणीही त्यांचीच. त्यांच्या मते तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड केलेलं जॅझ म्हणजे एकट्याने केलेलं भांडण. खोली म्हणजे कागदाचं जुनं गोदाम. छत उंच, जमीन लाकडी. मी टाळ्या वाजवून मोजलं, घुमारा पावणेदोन सेकंद. चालेल.

उद्यापासून चार दिवस. नऊ गाणी. शनिवारी अर्धा बँड एका जहाजावर चार महिने वाजवायला जातोय. म्हणजे जे होईल ते या चार दिवसांत. नंतर या सतरा जणांना एकत्र आणणं म्हणजे बेडूक पारड्यात तोलणं.

धाकटी गाणार. मी रेकॉर्ड करणार. तिचं नाव कव्हरवर, माझं मागच्या बाजूला, खाली, बारीक अक्षरात. हे आधीपासून ठरलेलं आहे, तेव्हा लिहायचं कारण नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आठला गोदामात. रोजचा नेम: कोणी यायच्या आत सगळे माइक उघडायचे, रेकॉर्डिंग चालू करायचं, आणि खोलीभर फिरून प्रत्येक माइकवर नखाने टक् करायचं. फाइलचं नाव 'चाचणी'. काम संपलं की या फाइली पुसायच्या. त्या कोणी ऐकत नाही.

तीन गाणी झाली. धाकटी कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत. टेकच्या आधी ती ट्रम्पेटवाल्यांना काचेतून वेडावून दाखवत होती. मास्तरांनी हात वर केला, तशी गप्प झाली, आणि तोंड उघडलं. मी पडद्यावर सूर बघत होते. केसभरही हलला नाही. तो हलावा म्हणून मी बघत होते का? हो.

दुपारी आईचा फोन. मलाच. ती जेवली का, गार पाणी तर पीत नाही ना, तिला जास्त वेळ उभी करू नकोस. मी हो, नाही, नाही अशी उत्तरं दिली. आई दोघींची, पण फोन एकीच्या घशासाठी.

गाणं आईनेच शिकवलं, दोघींना. मी सात वर्षं शिकले. धाकटी माझ्यानंतर चार वर्षांनी बसायला लागली. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, पोरी कशा गातात हो? आई म्हणाली, "धाकटीचा गळा चांगला आहे. मोठीचं डोकं चांगलं आहे." मी दाराआड होते. तेव्हा तेरा वर्षांची. दुसऱ्या दिवसापासून गायला बसले नाही. अभ्यास आहे म्हणाले. कोणी जास्त विचारलंही नाही.

डोकं चांगलं निघालं. तक्रार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आणखी तीन गाणी. तीनही चांगली, एक फार चांगलं. धाकटी बाहेर आली तेव्हा सॅक्सोफोनवाले उभे राहिले. टाळ्या नाहीत, नुसते उभे राहिले. ते टाळ्यांपेक्षा वाईट.

लांब्याशी वाद. लांब्या म्हणजे डबल बासवाला. वाद्यापेक्षा बुटका आहे म्हणून लांब्या. तो हेडफोन कानाला लावतच नाही, गळ्यात माळेसारखा घालतो. त्यातला आवाज गळून त्याच्या माइकमध्ये उतरतो. तीनदा सांगितलं. म्हणाला, "कान झाकले की माझाच बास मला परका वाटतो, बाई." चौथ्यांदा सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चाचणी चालू केली आणि तिसऱ्या ट्रॉम्बोनची वायर मेलेली निघाली. दुसरी आणायला बाहेर गाडीपर्यंत गेले. गाडीत सगळं उपसावं लागलं. परत येऊन उरलेल्या माइकवर टक् टक् करत काचेच्या खोलीपाशी पोचले, तर तिथे धाकटी आणि मास्तर. धाकटीच्या गळ्याभोवती मफलर. घसा बसलाय, हे तिने मला हातवाऱ्यांनी सांगितलं. वर खोकलीही.

आज सातवं गाणं होतं. सगळ्यात संथ, मिनिटाला अठ्ठावन्न ठोके. 'नको लावूस दिवा, अजून दिसतंय मला' – हे त्याचं धृपद. मास्तरांनी तिला घरी पाठवलं. बँड आज वाजवेल, आवाज नंतर माझ्या स्टुडिओत भरू, म्हणाले. पण बँडला गाईड लागेल.

गाईड म्हणजे कच्चं गाणं. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं हे वाजवणाऱ्यांना कळावं म्हणून कोणीतरी हेडफोनमधून त्यांना गाऊन दाखवायचं. अल्बममध्ये ते राहत नाही. कपड्याच्या धावदोऱ्यासारखं – शिवण झाली की उसवायचं.

मास्तर म्हणाले, तू म्हण. मी म्हणाले, पियानोवर सूर वाजवून घ्या. ते म्हणाले, "सुराने भागत नाही. शब्द लागतात, श्वास लागतो. कामाचा भाग समज." कामाचा भाग म्हटल्यावर नाही म्हणता येईना.

गोदामाला लागून असलेल्या बंद खोलीत, काचेपलीकडे, माझ्या टेबलावरच्या माइकसमोर बसले. खुर्ची वळवून पाठमोरी झाले, कोणाचं तोंड दिसायला नको. दिवे, मीटर, भिंत. मग गायले.

काय झालं ते नीट लिहिते. 'अजून' हा शब्द मी उशिरा घेतला. ठरवून नाही. दिवा लावायला निघालेल्या माणसाला थांबवायचं तर आधी त्याला थोडं जाऊ द्यावं लागतं, असं काहीसं वाटलं. पाचही सॅक्सोफोन माझ्यासाठी थांबले आणि माझ्या मागून उठले. हेडफोनमध्ये ते मला पाठीवर हात ठेवल्यासारखं ऐकू आलं.

पहिल्याच टेकमध्ये झालं. ड्रमवाल्याने काड्या मांडीवर ठेवल्या. मास्तर काचेजवळ आले, चष्मा पुसत म्हणाले, "हे जपून ठेव." बँडचा टेक फारच छान झाला होता, खरंच.

घरी आले तर धाकटी दारातच. कुजबुजत विचारलं, कसं झालं? ऐकव ना. मी म्हणाले, घसा सांभाळ.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीचा घसा एका दिवसात बरा! आठवं आणि नववं गाणं झोकात गायली. तिच्यासारखाच लाडावलेला घसा. रुसला, मग हसला.

लांब्याने जाताना वाद्याच्या खोळीची चेन लावत मला म्हटलं, "काल तू माझ्या गळ्यात गात होतीस." मी म्हणाले, म्हणूनच हेडफोन कानाला लावायचा असतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

माझा स्टुडिओ. धाकटी, मास्तर आणि मी. सातव्यात तिचा आवाज भरायचा.

मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, आधी तुझं गाईड लाव, ऐकू दे आम्हांला. धाकटी लगेच पुढे सरकून बसली. पाय खुर्चीवर घेतले, लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी. मला एकदम सगळं दिसलं – आता माझं ऐकणार, मग ही गाणार, आणि दोन मिनिटांत कळणार की गळा कोणाचा आणि डोकं कोणाचं.

मी म्हणाले, "गाईड पुसलं मी."

"पुसलंस?" धाकटी म्हणाली. जणू मी तिच्या मालकीचं काही पुसलं होतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, बरं. आणि कागद काढले.

ती गायली. जमलं नाही.

ते गेल्यावर मी गाईडची फाइल काढली आणि पुसली. दुसरी प्रत होती, तीही पुसली. मी खोटं बोलत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजही जमलं नाही. कारण मला माहीत आहे, त्या दोघांना नाही. धाकटी 'अजून' ठोक्यावर घेते. ती सगळंच ठोक्यावर घेते, तिला थांबायची सवय नाही, तिच्यासाठी नेहमी दुसरे थांबलेत. पण सॅक्सोफोन माझ्या 'अजून'मागून उठलेत. फरक ३४० मिलिसेकंद. एका ठोक्याचा साधारण तिसरा हिस्सा. तिचा शब्द पडतो, मग खड्डा, मग सॅक्सोफोन. जिना उतरताना एक पायरी कमी लागावी, तसं.

मास्तरांनी विचारलं, यंत्रावर शब्द मागे सरकवता येईल का. सरकवून दाखवला. शब्द उशिरा येतो, पण उशीर केल्यासारखा वाटत नाही, उशीर झाल्यासारखा वाटतो. ते म्हणाले, कळलं.

धाकटीने सव्वीस वेळा गायलं. सव्वीसही सुरात. मी मोजलेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. मला बरं वाटलं. लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईचा फोन. धाकटी जेवत नाहीये म्हणे. तू तिला काही बोललीस का? मी म्हणाले, मी काहीच बोलले नाही. हे अक्षरशः खरं आहे.

आईने मग विचारलं, "तुझं काय चाललंय?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नसेल, पण आज लक्षात आलं. ठीक आहे म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं, घाई केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर म्हणाले, सातवं वगळू. आठ गाण्यांचा अल्बम काही वाईट नाही. धाकटीने मान हलवली. तिचं तोंड इतकं लहान झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. घोड्यावरून पडलेल्या माणसाला लोक विचारतात ना, लागलं का, आणि तो नाही म्हणतो – तसं ती ठीक आहे म्हणाली.

मास्तर गेल्यावर ती थांबली. वायर गुंडाळायला मला मदत करू लागली. उलटी गुंडाळत होती. शिकवलंय तिला दहादा.

"ताई, तू कसं म्हणाली होतीस ते? एकदा म्हणून दाखव ना. फक्त मला."

मी म्हणाले, आठवत नाही.

हे मात्र खोटं. आणि हे पुसून खरं करता येत नाही. करून बघितलं. रिक्षात, अंघोळीला, जिना चढताना – 'अजून' तिथेच येतो, तिसऱ्या हिश्श्यावर.

वायर मी नंतर सुलटी गुंडाळली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं! आणि कसं झालं ते ऐका – कोणाला सांगतेय मी. लिहिते.

धाकटी सकाळीच आली. म्हणाली, फक्त बासचा ट्रॅक लाव, बाकी सगळं बंद. मी विचारलं कशाला. म्हणाली, लांब्याला जहाजावर फोन केला होता. तो म्हणाला, तुझी ताई माझ्या गळ्यात गात होती, माझ्या ट्रॅकमध्ये असेल अजून.

हेडफोनमधून गळलेला आवाज. मी चारदा सांगायला हवं होतं.

नाही म्हणायला कारण सापडेना. लावला. बासचे जाड सूर, आणि त्यांच्या मागे, शेजारच्या घरात कोणी गातंय असा, मुंगीएवढा आवाज. शब्द जेमतेम. पण श्वास कळतो. 'अजून' कळतो. धाकटीने डोळे मिटले. पुन्हा लाव. पुन्हा. अकरा वेळा. तिने मला एक अक्षर विचारलं नाही. बघितलंही नाही. मी पडद्याकडे बघत राहिले. कान तापले होते, दिसत असणार.

मग मास्तर आले आणि ती काचेपलीकडे गेली.

पहिल्या टेकला. 'नको लावूस दिवा –' आणि थांबली. मी नकळत श्वास धरला, तो बरोबर तिच्याबरोबर सुटला. 'अजून.' सॅक्सोफोन तिच्या मागून उठले. माझ्या मागून उठले होते तसेच. त्यांना काय, त्यांनी एकदाच वाजवलं होतं.

पुन्हा पडद्यावर मोजलं. ३३०. दहा मिलिसेकंदांचा फरक. तेवढाच माझा उरला.

मास्तर उठून उभे राहिले. "ही जागा कुठून आणलीस?"

धाकटी काचेतून माझ्याकडे बघत म्हणाली, "घरातून."

घरातून! घरातून फडताळातला डबा न्यावा तशी. वर मला विचारते, "ताई, आला ना बरोबर? तुझ्यासारखा नाही आला." हा विनय तिला आईने शिकवलेला नाही, कुठून शिकली कोण जाणे.

मी म्हणाले, आला. टेक ठेवते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी जागा, तिचं नाव. काल तेरा तास झोपले, तरी सकाळी पहिलं हेच आठवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मिक्स. सातव्यात एक अडचण होती. बासच्या ट्रॅकमध्ये माझा मुंगीएवढा आवाज, वर तिचा. दोघींचा 'अजून' दहा मिलिसेकंदांनी एकमेकांना घासतो, स्वराला कडेने धूसरपणा येतो. नियमाने काय करायचं ते स्पष्ट आहे. दोन तास बसून बासमधला माझा आवाज एकेक शब्द करून काढला. फार स्वच्छ काम झालं. इतकं स्वच्छ मी दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं.

मास्तरांनी ऐकलं आणि विचारलं, बासमागे काहीतरी होतं ना? मी म्हणाले, गळती होती, काढली. ते म्हणाले, "तुला काही ठेवताच येत नाही का गं?"

हा काय प्रश्न? रेकॉर्डिस्टने गळती ठेवायची असते का?

५ मार्च, बुधवार

कव्हरचा नमुना आला. धाकटी मधोमध, मागे सतरा जण, जागेअभावी दोघे अर्धे कापलेले. माझं नाव मागे, खाली, बारीक. बरोबर लिहिलंय.

ती म्हणाली, तुझं नाव मोठं करायला सांगू का? मी म्हणाले, रेकॉर्डिस्टचं एवढंच असतं. ती काहीतरी बोलणार होती. फोन आला तिला. तिला नेहमी फोन येतो.

११ मार्च, मंगळवार

आज फाइली आवरल्या. चाचणीच्या चारही पुसायच्या होत्या. तीन पुसल्या, चार-चार मिनिटांच्या. ६ फेब्रुवारीची अकरा मिनिटांची निघाली – मी गाडीत वायर शोधत होते तेव्हा चालू राहिलेली. काचेच्या खोलीच्या माइकवर रेघ सपाट नव्हती. ऐकली.

धाकटी गातेय. सातवं. मोकळ्या, खणखणीत गळ्याने.

मास्तर: "छान लागलाय आज."

धाकटी: "लागलेला नाही. आज माझा घसा बसलाय. हे गाणं ताईला म्हणू द्या."

"मग सरळ विचार तिला."

"सरळ विचारलं तर नाही म्हणेल. कामाचा भाग आहे म्हणा, म्हणजे करेल."

"आणि चांगलं झालं तर?"

"होणारच आहे. मग तेच ठेवा अल्बमवर. मी आठ गायले म्हणून काय बिघडतं? तुम्ही फक्त एकदा ऐका तिला. मी चौदा वर्षं ऐकलेलं नाही."

मग लांबून टक्. जवळ टक्. माझी पावलं. मग तिचा खोकला. फार वाईट खोकला आहे, कोणीही ओळखला असता.

पुसली नाही. धाकटीला फोन लावला. काय गं ताई, म्हणाली.

"घसा कसा आहे?" विचारलं.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मी मोजलं नाही.